तिन्हीसांजेची काडी

२ मार्च १९८७

आले बाई एकदाची कोठीवर! बोईसरला यष्टीत चढले तेव्हा वळकटी, स्टोव्ह आणि पत्र्याची पेटी सांभाळत एका पायावर उभी होते आणि शेजारणीची मासळीची टोपली माझ्या कुशीत. कुणीतरी कारखान्यातला कामगार मागून म्हणाला, मॅडम, जरा आगे सरको. मॅडम! औषधाच्या गोळ्यांच्या कारखान्यात इतकी वर्षं पाकिटं चिकटवली, तिथं 'ए नलू'च्या पुढं कुणाची जीभ गेली नाही.

नोकरी काय, तर दाखवायची बाई. इथल्या चार शिकलेल्या मंडळींनी पर्यटन समिती काढली आहे. बोईसर स्टेशनाबाहेर निळा बोर्ड लावलाय: तारापूरचा किल्ला, काळदुर्ग, केळव्याचा किनारा, आणि सगळ्यात खाली ओल्या रंगात 'फिरंग्यांची कोठी'. मुंबईचे पाहुणे येणार, मी त्यांना कोठी हिंडवून दाखवायची, झाडलोट करायची. राहायला मागची खोली. समितीचे सेक्रेटरी पुंडलिकराव इथल्याच गावचे. त्यांनी ही वही दिली, रोजचे पाहुणे लिहा म्हणाले. पाहुणे येतील तेव्हा येतील, तोवर मी माझंच लिहिते.

कोठी मात्र झकास हं. नवापूरच्या पुढं, खाडी समुद्राला मिळते तिथं, काळ्या दगडाचं बसकं घर. एका कोपऱ्याला बुरूज. म्हणे फिरंगी इथं बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गलबतांची जकात घ्यायचे. पुढं रुंद पडवी, पडवीत भिंतीलगत लांबच लांब शिसवी बाक, मागं सुरूचं बन. वारा असा की पदर डोक्यावर राहील तर शपथ. घिवलीच्या बाजूला वीजकेंद्राचे दिवे लुकलुकतात आणि आमच्या कोठीत अजून तार आलेली नाही! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

माझा सगळा जीव जूनकडे लागलाय. ठकीचा बाप गेल्यापासून पोर पालघरला आईकडे आणि भावाकडे, अण्णाकडे आहे. बोईसरच्या खोलीत आम्ही पाचजणी भाड्यानं राहायचो, तिथं लेकरू कुठं ठेवणार? आता खोली आहे, नवापूरला शाळा आहे. जूनला ठकीला आणायची आणि तिला कुशीत घेऊन झोपायचं. बस, दुसरं काही मागत नाही देवाकडे.

३ मार्च

आधीपासून कोठी सांभाळणारी काशीबाई अजून इथंच आहे, मला सगळं दाखवून मग जाणार. नवापूरचीच, हाडं काटक, केस पांढरे. हिचा मुलगा मुंबईला भाऊच्या धक्क्यावर कामाला. सून आणली, नातवंडं झाली, पण हिनं अजून त्याचं घर बघितलेलं नाही. मी म्हटलं, अहो मावशी, गाडीत बसायचं की जायचं. तर हसली नुसती.

दिवसभर माणूस बोलका होता. बुरूज दाखवला, विहीर दाखवली, कुठल्या पायरीवर शेवाळ असतं ते सांगितलं. पण ऊन उतरलं तशी गप्प झाली. तिन्हीसांज झाली. पडवीच्या भिंतीत समुद्राच्या बाजूला एक दिवळी आहे, तिच्यात दगडी दिवा. तेल भरलेलं, वात घातलेली, शेजारी काडेपेटी. आणि काशीबाई खाली पाय पसरून बसलेली, दिवा काही लावीना. माझ्याकडे बघत होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मला वाटलं देवाचं नाव घेते आहे.

आमच्या आईनं लावलेलं वळण आहे, तिन्हीसांजेला घर अंधारात ठेवायचं नाही, लक्ष्मी उंबऱ्यावरून माघारी जाते. ठकीलाही तेच. दिवेलागणीला खेळ टाकून धावत येते आणि आजीच्या हातातली काडेपेटी ओढून घेते. मला राहवेना. म्हातारीचे गुडघे धरले असतील म्हणून मीच उठले, काडी ओढली, दिवा लावला, हात जोडले.

मागं वळून बघते तर काशीबाई ओक्साबोक्शी रडते आहे. म्हटलं, काय झालं? तर माझे पाय धरायला लागली. अगं बाई, मोठ्या माणसानं असं करतात का! मी आपली मागं सरले.

४ मार्च

काशीबाई गेली. उजाडायच्या आत गाठोडंसुद्धा न घेता निघाली. मी गाठोडं घेऊन मागून हाका मारल्या. थांबली नाही. रडण्याचा आवाज येत होता, मान मागं वळवायचा प्रयत्न करत होती असं वाटलं, पण पाय मात्र झपझप, जसे कुणा दुसऱ्याचेच. काल जिचे गुडघे धरले म्हणून मी दिवा लावायला उठले ती हीच का, मला हसूच आलं.

८ मार्च

पहिला रविवार! दादरचं एक कुटुंब आणि वसईची कॉलेजची पोरं. माझं भाषण काय रंगलं म्हणून सांगू. इथून फिरंगी दुर्बीण लावून बघायचे, ह्या भोकातून तोफ डागायचे. जिथं ठाऊक नाही तिथं ठोकून दिलं. दादरच्या बाईंचा पहिला प्रश्न, संडास कुठं आहे. दुसरा, इथं वडापाव मिळतो का. गाढवाला गुळाची चव काय!

त्या बाई पडवीतल्या बाकावर बसल्या आणि किंचाळून उठल्या. साडी मागून ओली. बाक मी स्वतः पुसला होता. रोज सकाळी पुसते आणि रोज ओला असतो, बोट चाटलं तर खारट. एवढ्या उंचावर समुद्राचं पाणी येतं कुठून? समितीला सांगून कौलं बघायला हवीत.

१३ मार्च

गावची माणसं म्हणजे सोनं. भागी नावाची एक जण रोज मासळी आणून देते, एक पैसा घेत नाही. कुणी सुके बोंबील देतं, कुणी तांदळाची भाकरी. समुद्रावर जाणारे गडी कोठीखालून जाताना थांबतात आणि मला हात जोडतात. मला! मी लाजून आत पळते. भागीला विचारलं, हे काय ग? म्हणाली, "तुमी हाव म्हनून आमचं बरं हाय, बाय."

२२ मार्च

आज ठकीला भेटायला पालघरला निघाले होते. पाहुणे दुपारीच गेले. तिच्यासाठी रिबिनी घेतल्या होत्या. यष्टी मध्येच बंद पडली. दुसरी आलीच नाही. रिक्षावाला म्हणाला तिकडं जात नाही, पण कोठीकडं सोडतो. आधी वैतागले, मग म्हटलं चला, पुढच्या रविवारी. दिवेलागणीला बरोब्बर पडवीत हजर. दिवा लावला. नशीब म्हणायचं, घर अंधारात राहिलं नाही.

२९ मार्च

हे लिहू की नको. लिहितेच.

आज सकाळीच निघाले. यष्टी नीट चालली, बोईसर आलं, पालघरच्या गाडीत बसले, खिडकीची जागा. डोळा लागला. जाग आली तेव्हा मी कोठीच्या पडवीत उभी होते. तिन्हीसांज. बोटांना तेल, हातात जळती काडी. पायांत चपला नव्हत्या आणि तळवे फुटून रक्त आलेलं. म्हणजे चालत आले. कुठून? रिबिनी कुठं पडल्या कोण जाणे.

दिवा लागला. मी उभीच. आणि मग बाकावर कुणीतरी बसल्याचा आवाज झाला. मग आणखी कुणी. मी वळले नाही. खोलीत जाऊन कडी घातली.

३० मार्च

भागीला धरलंच. गळ्याची शपथ घातली. ती खाली बसली आणि म्हणाली, आता सांगायला हरकत नाय, आता तुमी आमच्याच. समुद्रात राहिलेली माणसं आहेत ती. त्या दिव्यावर येतात, बसतात, पहाटे जातात. दिवा नसला की किनारा शोधत फिरतात आणि भेटेल त्या होडीला धरून ओढतात. एकदा दिवा चुकला होता तेव्हा गावातली कितीतरी घरं उघडी पडली. म्हणून कोठीला दिवा लावणारी बाई लागते. तिनं आपण होऊन काडी ओढायला हवी. मागितलेली काडी चालत नाही, सांगून लावलेला दिवा चालत नाही. लावते तिलाच कोठी ठेवून घेते. दुसरी कुणी आपल्या मनानं लावीपर्यंत.

काशीबाईनं परकरी पोर असताना लावला होता. खेळता खेळता. "ल्हान हात लय वरसं पुरतो, बाय," भागी म्हणाली, आणि माझ्या पदरात पापलेट टाकलं.

म्हणजे मुलाच्या लग्नालासुद्धा काशीबाई जाऊ शकली नव्हती. आणि मी तिला गाडीत बसायला सांगत होते.

५ एप्रिल

काडेपेटी समुद्रात फेकली. संध्याकाळी दिवळीत होती, कोरडी.

पाहुण्यांना सांगायचं ठरवलं. पोलिसातले एक गृहस्थ आले होते, त्यांच्या पुढ्यात उभी राहिले आणि तोंड उघडलं. आवाज नाही. ओठ हलले नुसते. ते म्हणाले, बाई, पाणी प्या, ऊन लागलंय. त्यांच्याशी हवापाण्याचं बोलायला गेले तर आवाज खणखणीत. दिव्याचं नाव घेतलं की घसा मिटतो.

काशीबाई देवाचं नाव घेत नव्हती. ती मला 'नको' म्हणत होती. देवा, मी तिला किती शिव्या दिल्या ह्या आठवड्यात.

६ एप्रिल

आज ठरवलं, लावायचाच नाही. स्वतःला खोलीत कोंडलं, हात जुन्या लुगड्याच्या पट्टीनं खाटेला बांधले, दातांनी गाठ मारली. अंधार झाला. बाहेर बाकावर कुणी बसलं नाही. पडवीत सगळे उभे होते. ओल्या पावलांचा चप् चप् आवाज खोलीच्या दारापर्यंत. मग गाठ सुटली. मी सोडली नाही. मी गेले, लावला. त्यांच्यामधून गेले. थंडगार.

तोवर सगळे पाठमोरे बसायचे, समुद्राकडं तोंड करून. आज वळून माझ्याकडं बघत होते. रागानं नाही. लहान मुलं आईकडं बघतात तसं. तेच सहन झालं नाही.

१२ एप्रिल

आज सुटले असते.

नवीन लग्न झालेलं जोडपं आलं होतं, सूर्यास्त बघत बसलं. पोरगी हिरव्या चुड्याची, गोड. अंधारायला लागलं. मी मुद्दाम खाली बसून राहिले, पाय पसरून. हो, बसले. लिहायला लाज वाटते पण बसले. पोरीनं दिवळीकडं बघितलं. नवऱ्याला म्हणाली, अहो, तिन्हीसांजेला दिवा नाही कसा? उठली. चुडा वाजला. काडेपेटीला हात लावला.

तिच्या आईनं तिलाही तेच वळण लावलेलं.

मी झडप घालून पेटी हिसकावली, मीच लावला. ती भेदरली. नवरा म्हणाला, चल, बाई वेडी दिसते. गेली पोर. सुखात राहू दे.

मग बाकाशेजारी जमिनीवर बसून रडले. त्यांच्यातलं कुणीतरी सरकलं आणि बाकावर मला जागा करून दिली. नाही बसले. त्या बाकावर कधीच बसायचं नाही.

१९ एप्रिल

लिहिता येतं! तोंडून निघत नाही पण हात लिहितो, ही वहीच पुरावा. आधी कसं सुचलं नाही, मूर्ख मी. अण्णाला चिठ्ठी लिहिली. जूनला ठकीला आणू नकोस. कधीच आणू नकोस. मला विसरा.

पुंडलिकराव आले तेव्हा त्यांच्या हातात दिली. त्यांनी वाचली. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. म्हणाले, नलूताई, माझे दोन्ही भाऊ बोटीवर आहेत. आणि चिठ्ठी पाण्यात सोडून दिली. मग स्कूटरला किक मारली.

सगळ्यांना ठाऊक आहे. निळा बोर्ड लावताना ठाऊक होतं.

२६ एप्रिल

एका पाहुण्याच्या पिशवीत दुसरी चिठ्ठी टाकली, पालघरचा पत्ता घालून. पोचली असेल. पोचू दे.

पाहुणे म्हणतात किती छान जागा, किती शांत. मी म्हणते हो, या परत.

१ मे

भागी सांगत आली, हसत. पालघरच्या बाजारात अण्णा तिला, नवापूरची म्हणून, माझी खुशाली विचारायला आला. शाळेला सुट्टी लागली, ठकी आईसाठी हट्ट धरून बसली आहे, जूनपर्यंत थांबायला तयार नाही. सोमवारी अण्णा घेऊन येतोय.

नको. नको नको नको.

भागीचे पाय धरले. तिनं उठवलं मला, केसांवरून हात फिरवला. मग टोपली उचलून निघाली.

३ मे

दिवसा दिवा लावून बघितला. काड्या मोडतात. वात धरत नाही. तिन्हीसांजेलाच लागतो.

दिवळी दगडांनी बुजवली. चहा करून येते तर मोकळी.

एकच उपाय. उद्या दिवेलागणीला दिवळीपुढं काडी हातात घेऊन उभं राहायचं. हलायचं नाही. ठकीच्या आधी मी. रोज मीच. सुट्टीभर मीच, जन्मभर मीच, चालेल मला. फक्त उभं राहायचं.

४ मे

आली. दुपारी. केवढी झाली आहे. दोन वेण्या, पुढचा दात पडलेला. अण्णा म्हणतो, वाळलीस ग नलू. चिठ्ठी नाही पोचली.

ऊन उतरलं. अण्णाला भागी मासळी द्यायला घरी घेऊन गेली. मी दिवळीपुढं उभी राहिले, काडी हातात.

ठकी दमली होती. म्हणाली आई, मांडीवर घे ना. म्हटलं नंतर. तिनं ओठ काढला. म्हणाली तू मला कधीच घेत नाहीस —

घेतलं. एवढंच केलं. लेकराला मांडीवर घ्यायला खाली बसले. मागं न बघता —

बाक. मी बाकावर बसले आहे.

उठता येत नाही. लुगडं मागून ओलं होत चाललंय. दोन्ही बाजूंना कुणीतरी आहे, खांद्याला खांदा. ठकीला दिसत नाहीत. ती मांडीवरून उतरली. काडी खाली पडली. पेटी दिवळीतच.

आवाज नाही निघत. हात चालतो. वही बाकावरच होती. लिहिते. ठकीला वाचता येतं, तिसरीत आहे, फडाफडा वाचते.

ठकी, दिवा लावू नकोस

ठकी काडी ओढू नकोस पळत मामाकडं जा

मोठं काढलं. तिच्यापुढं वही धरली. ठकीनं बघितलं. डोळे बारीक केले. आता अंधार फार झाला. म्हणते, आई, दिसत नाही ग —

नीट बघ ठके बघ

म्हणते थांब हं आई, आधी दिवा लावते मग वाचते

नको

चवड्यावर उभी राहिली. हात पुरला. पेटी —

नको ग माझे आई

उजेड पडला. हात जोडतेय. माझं पान सगळं स्वच्छ दिसतंय, येतेय वाचायला, हसतेय —

बाकावरची सगळी तिच्याकडं वळली

माझे पाय सुटले. मी उठले. मी नाही उठले पाय उठले. वही हातात. पायऱ्या. झपझप. मान वळत नाही. मागून हाक मारतेय आई कुठं चाललीस आई

ठकी मी थांबते ग मी थांब—